गफूर पिंजाऱ्याचा पिवळा घाट

लोणावळ्याच्या बाजारात गफूर पिंजाऱ्याचं दुकान म्हणजे एक ओटा आणि त्यामागे कापसाच्या धुळीनं पांढरी झालेली खोली. वर्षभर तो तिथं गाद्या-रजया भरी. मोहरम जवळ आला, की पिंजण खुंटीला लावून ताबूत बांधायला बसे. कामट्यांचा सांगाडा, त्यावर रंगीत कागद, अभ्रकाच्या नक्ष्या, आणि सगळं धरून ठेवणारी मैद्याची खळ. ही विद्या बापाकडून आलेली. दहाव्या दिवशी ताबूत इंद्रायणीच्या डोहात सोडून थंड केला जाई आणि दुसऱ्या दिवशी गफूर पुन्हा गादी उसवायला घेई. त्यात वाईट वाटण्यासारखं काही आहे, हे चाळिशीपर्यंत त्याच्या मनात आलं नव्हतं.

घाटातला जुना रेल्वेरस्ता बंद होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. त्या रस्त्यावर जन्म काढलेले एक पारशी इंजिनिअर निवृत्त होऊन तुंगार्लीच्या बाजूला बंगल्यात राहत. बाजार त्यांना इंजिनवाले शेठ म्हणे. त्यांनी दिवाणखान्यातल्या मोठ्या मेजावर तो जुना घाट मांडायला घेतला होता. विलायतेहून आणलेले बोटभर रुंदीचे रूळ, चावीची इंजिनं, गाडी उलटी फिरायची ती जागा, बोगद्यांची तोंडं, सगळं जागच्या जागी होतं. फक्त डोंगर नव्हते. ताबुताची मिरवणूक पाहून शेठनी गफूरला बोलावलं. त्यांना घाट हवा होता तो दसऱ्यानंतरचा. धबधबे पाहायला सगळी दुनिया येते, ते म्हणाले, पण गवत पिवळं पडतं तेव्हा घाट आमच्या लोकांचा असतो, लाइनवरच्या.

गफूर घरी आला तो वेगळाच होऊन. जेवताना त्यानं बायकोला, अमिनाला, मेजाची लांबी-रुंदी हातवारे करून सांगितली. मग भाकरी हातात तशीच धरून म्हणाला, "ह्ये पान्यात न्हाई जायाचं, अमिना. ह्ये ऱ्हानार. तुला दावीन मी."

अमिना भाजे गावची. लोहगडाच्या पायथ्याशी गवत कापतच मोठी झालेली. रेल्वेचा तिचा प्रवास मळवलीहून लोणावळ्यापर्यंतचा, लग्नातला. गाडी त्यापुढं कुठं उतरते, ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. पण आश्विनातला डोंगर तिला तोंडपाठ होता, आणि गफूरला तो बघण्याची सवड कधी झालीच नव्हती. कोणतं गवत आधी तांबूस होतं, सोनकी कोणत्या उतारावर मागे राहते, कारवीची पानं कशी आक्रसतात, हे ती सांगे. सुताराकडून आणलेला भुसा ती कापडातून चाळी, हळदीच्या पाण्यात रंगवून अंगणात वाळवी. गफूरनं पहिल्यांदा स्वतः रंगवलेला भुसा पाहून तिनं तोंडाला पदर लावला होता.

"ही नवरीची हळद झाली," ती म्हणाली. "डोंगराचं काय लगीन हाय व्हय?"

मग त्यात चहाचं पाणी पडलं आणि रंग उतरला. सोनकीच्या फुलांसाठी रवा रंगवला गेला, झाडांसाठी सबज्याचे वाळलेले तुरे आले. गोणपाट खळीत भिजवून कामट्यांवर ताणलं, की डोंगर उभा राही. त्यावर गफूर चिमटीनं भुसा पेरी. दरीतलं धुकं मात्र त्याचं स्वतःचं होतं. चार वेळा पिंजलेल्या कापसाचा इतका विरळ थर, की त्याखालचे रूळ दिसावेत.

खळ शिजवताना एकदा अमिना सहज म्हणाली होती, की पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालतात, किडा लागत नाही म्हणे. गफूर हसला. पाण्यात जाणाऱ्या खळीत विष घालायचं नाही, अशी बापाची शिकवण होती. डोहात मासे असतात, मिरवणुकीत पोरं कागद चाटतात. तीस वर्षं त्यानं अशीच खळ शिजवली होती. हे काम पाण्यात जाणार नाही, हे त्यानंच तर घरी सांगितलं होतं. पण हात खळ ढवळत होता, आणि हाताला ते कुणी सांगितलं नव्हतं.

डोंगर उभे राहू लागले तसे शेठ खुर्ची ओढून समोर बसत. एकदा ते आपणहून म्हणाले, की घरवालीला घेऊन ये, तिचं गवत तिनं बघू दे. गफूरनं मान डोलावली. पण गफूरच्या घरात रीत होती, की ताबूत पुरा होईपर्यंत पडद्याआड असायचा. अर्धा ताबूत घरच्या माणसानंही बघायचा नाही. नागफणीच्या सुळक्याकडचा उतार व्हायचा होता. तो झाला, तर खळ वाळायची होती. मग मुंबईहून शेठचे पाहुणे आले आणि त्यांच्यासमोर बायकोला नेणं त्याला बरं वाटेना. अमिनानं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही, ठेवणीतलं लुगडं धुऊन घडी करून ठेवलं. तोवर मे महिना संपत आला. पावसाळ्यात बंगला बंद होई, शेठ मुंबईला जात. गफूर म्हणाला, दसऱ्याला बंगला उघडला की जाऊ. खरा घाटही तेव्हा पिवळा असेल, दोन्ही एकदमच बघ.

दसऱ्याआधी बंगला उघडला तेव्हा गफूर आधी एकटाच गेला, कुठं काही निसटलं असेल तर चिकटवायला.

दिवाणखान्याचं दार उघडताच आंबूस वास आला. झुरळं आणि कसर चार महिने सुखानं जेवली होती. खळ गेली तशी भुशानं जागा सोडली होती, आणि उरलेल्यावर काळी-हिरवी बुरशी होती. रवा उंदरांनी वेचून नेला होता. कापसाच्या धुक्यात त्यांनी पिल्लं घातली होती. डोंगराच्या जागी गोणपाटाच्या चिंध्या आणि उघड्या कामट्या. रूळ मात्र जसेच्या तसे होते.

शेठ रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एका इंजिनाला चावी दिली आणि ते त्या सांगाड्यातून मुकाट्यानं वळणं घेत गेलं. गफूरनं हात जोडून सांगितलं, की पुन्हा करतो, मोरचूद घालून करतो. शेठ म्हणाले, पुढल्या साली बघू. मग माळ्याला हाक मारून सगळं खरवडून काढायला सांगितलं, कारण झुरळं आता स्वयंपाकघरात शिरली होती.

घरी अमिना लुगडं नेसून बसली होती. गफूरनं सांगितलं, की शेठ अजून आलेच नाहीत.

हे खोटं आठवडाभर टिकलं. माळ्याची बायको सरुबाई बाजारात भेटली आणि तिनं अमिनाला सहानुभूतीनं सगळं सांगितलं, झुरळांसकट. अमिना घरी आली, भाजीची पिशवी ठेवली. मोरचुदाचं ती बोलेल म्हणून गफूर मान खाली घालून पिंजत राहिला. ती ते बोललीच नाही.

"अर्धा असता तरी चाललं असतं मला," ती म्हणाली. "एक डाव न्यायाचं हुतं तुमी."

गफूरनं हातातला कापूस खाली ठेवला. रीत होती म्हणावं, तर तो ताबूत नव्हता.

पुढलं साल आलं नाही. शेठ त्या हिवाळ्यानंतर मुंबईला गेले ते तिकडेच वारले. पुतण्यांनी बंगला विकला, रूळ आणि इंजिनं कुणी नेली ते कळलं नाही. गफूर गाद्या भरत राहिला. मोहरमात ताबूतही बांधत राहिला, त्याच खळीनं.

अमिना मात्र उतारवयात त्या घाटाबद्दल बोलू लागली. रजईला धागे घालायला शेजारच्या बायका ओट्यावर जमल्या, की ती सांगे, बोगद्याशी तांबूस गवत कसं होतं, नागफणीच्या अंगाला सोनकी कशी रेंगाळली होती, धुक्याखालून रूळ कसे दिसत. संध्याकाळच्या जेवणात तिनं नवऱ्याच्या तोंडून ऐकलेलं सगळं त्यात असे. क्वचित त्याहून जास्तही. एकदा कस्तुराबाई नावाच्या नव्या शेजारणीनं विचारलं, "मावशी, तुमी सोता बघितला व्हता त्यो?"

आत गफूरच्या पिंजणाची तात थांबली.

"व्हय," अमिना म्हणाली. "पिवळा हुता तवाच बघितला."

तिनं दातानं दोरा तोडला आणि सुईत नवा ओवायला घेतला.