टोपीचा हुकूम

उस्ताद कधी ओरडले नाहीत. व्हॉलीबॉलच्या मैदानाबाहेर बाकावर बसायचे आणि डोक्यावरची काळी टोपी काढून उजव्या गुडघ्यावर ठेवायचे. म्हणजे बॉल उजवीकडच्या गड्याला द्यायचा. टोपी डाव्या गुडघ्यावर गेली की डावीकडच्याला. आमचा अख्खा खेळ त्या टोपीवर चालायचा.

नेटजवळ उभं राहून बॉल उठवून द्यायचं काम माझं. स्मॅश दुसरे मारणार, पण कुणी मारायचा हे माझ्या बोटांनी ठरवायचं. निदान तसं मला वाटायचं. प्रत्यक्षात दर सर्व्हिसआधी मान वळवून टोपी बघावी लागे. चार वर्षं मान वळवली. थकून गेलो.

उस्ताद मूळचे सोयगावच्या शेतकरी घरातले, शहरातल्या शाळेत ड्रिलमास्तर. पोलीस अ‍ॅक्शनच्या आधी, निजामाच्या अमलात नोकरीला लागलेले. पुढं शाळेची भाषा बदलली, पण त्यांच्या कवायतीतले हुकूम उर्दूतच राहिले. आमच्या घरात मात्र पत्रकांचे गठ्ठे. वडिलांनी निजामाविरुद्ध वाटलेल्या पत्रकांवरच मी वाचायला शिकलो. त्यामुळं त्या टोपीत मला तख्तच दिसायचं.

"उस्ताद, मैदानात आम्ही असतो. समोरचे कुठं सरकले ते आम्हाला दिसतं. मग ठरवायचं तुम्ही का?"

"तुला समोरचे दिसतात. मला तुमी सहा दिसता. कोन दमलाय, कोन भ्यालाय, कुनाचं ध्यान नाय."

"ही हुकूमशाही झाली."

"व्हय. जा, नेट बांध."

एकदा टोपी डावीकडं असताना मी बॉल उजवीकडं दिला आणि पॉइंट मिळवला. त्यांनी मला दोन सामने बाहेर बसवलं. "पॉइंट तर आला ना?" मी विचारलं. "आला. आता उद्यापासून सहाच्या सहा जन आपापलं राज्य करतील," ते म्हणाले. हरल्यावर पोरं एकमेकांवर घसरली की ते उठायचे. "बास. टोपी म्या ठेवली व्हती." त्यातही मला त्यांचा तोराच दिसायचा.

मग त्या वर्षीची शेवटची स्पर्धा आली. आमचा सगळ्यात तगडा गडी दिगंबर, हर्सूलचा. जिल्ह्याच्या संघात निवड झाली तर त्याला पोलीस भरतीचं दार उघडणार होतं. उस्ताद पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते, आणि यंदा जिल्ह्याचे प्रशिक्षक म्हणून त्यांचं नाव पुढं होतं. निवड समिती समोर खुर्च्या टाकून बसलेली.

अंतिम सामन्याआधी मी उस्तादांना सांगितलं, "आज मी टोपी बघणार नाही. बघायचीच असेल तर खेळणार नाही."

भांडायचं त्राण त्यांच्यातही उरलं नव्हतं. "घे," म्हणाले. टोपी डोक्यावर घातली आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले.

शेवटचा सेट. आम्ही तेरा, समोरचे चौदा. सर्व्हिस त्यांची, एक पॉइंट गेला की सामना गेला. दिगंबरचा खांदा धरला होता. माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली, मला नको म्हणून. तरी मी बॉल त्यालाच दिला. निर्णायक बॉल सगळ्यात तगड्या गड्यानंच मारायचा, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. बॉल नेटला लागून आमच्याच बाजूला पडला.

"दिगंबऱ्यानं घालवली!" बाहेरून ओरडा झाला. समितीतले एक जण म्हणाले, "ऐन वेळी कच खातो. असला गडी कशाला घ्यायचा?" दिगंबर खांदा धरून माझ्याकडं बघत होता. बॉल मी दिला, एवढंच मी बोलायचं होतं. खरं बोलायला छाती लागते, असं पत्रकांतून शंभरदा वाचलं होतं. मी नेटची दोरी सोडायला वळलो.

उस्ताद उठले. खुर्च्यांपुढं जाऊन उभे राहिले.

"त्याचा खांदा धरलाय हे मला ठाव व्हतं. तरी बॉल त्यालाच द्या म्हनून म्याच सांगितलं."

"मग तुम्ही कसले उस्ताद?"

"ते तुमी ठरवा."

त्यांनी ठरवलं. दिगंबर संघात आला, पुढं पोलिसात लागला. जिल्ह्याचे प्रशिक्षक दुसरेच झाले. उस्तादांनी मला त्याबद्दल कधी विचारलं नाही. पुढच्या सरावाला टोपी गुडघ्यावर होती. मी मान वळवून बघितली. आमच्यातलं भांडण संपलं होतं, पण त्यात कुणी जिंकल्यासारखं वाटत नव्हतं.

निवृत्त होऊन ते गावी निघाले तेव्हा सोयगावच्या गाडीवर त्यांना पोचवायला मी एकटाच गेलो. वर्षभर घोळवलेलं वाक्य शेवटी बोललो. "उस्ताद, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं."

जाऊ दे म्हणतील, असं मला वाटलं होतं.

"व्हय," ते म्हणाले. "हवं व्हतं."

मग त्यांनी खाली ठेवलेल्या ट्रंकेकडं बोट केलं. ती टपावर चढवून मी खाली उतरलो, तेव्हा ते खिडकीशी बसून डोळे मिटून होते. गाडी हलली तरी त्यांनी ते उघडले नाहीत.