चऱ्होलीच्या गोठ्यातली अँबेसिडर

मी चाकणच्या एका कंपनीत गाड्यांची वायरिंग बनवते. समोर लांबलचक फळी असते, तिच्यावर खुंट्या. त्या खुंट्यांमधून रंगीत वायरी फिरवायच्या, टेप गुंडाळायची, टोकांना क्लिपा बसवायच्या. शिफ्ट संपली तरी टेपचा चिकटपणा बोटांवर राहतो. दिवसभर गाड्यांचं काम करून सांगवीला घरी यावं, तर बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये आणखी एक गाडी उभी. तीही विटांवर. चाकं काढलेली, सीटा काढलेल्या, वरून ताडपत्री. ती माझ्या नवऱ्याची अँबेसिडर.

ते भोसरीत एका वर्कशॉपमध्ये लेथवर होते. ही गाडी त्यांनी एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या बंद पडलेल्या आवारातून आणली. तेव्हा तिच्या डिकीत गवत उगवलेलं होतं. जुन्या गाड्यांचं वेड असलेली माणसं दर रविवारी सकाळी चऱ्होलीला जमायची. कुणाची जीप, कुणाची जुनी फटफटी. आपापल्या गाड्या दाखवायच्या, कुठला पार्ट कुठल्या भंगारात सापडला ते सांगायचं, एकमेकांच्या बॉनेटमध्ये डोकी घालून उभं राहायचं. आमचे हे मात्र गाडीशिवायच जायचे. फोनमधले फोटो दाखवायचे. आज दरवाजा सरळ केला, आज तळाचा गंज खरवडला. घरी येताना चेहरा असा असायचा, जणू गाडी चालवूनच आले.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी दाढी करत होते, हातातून रेझर पडला आणि त्यामागून तेही. उजवा हात गेला, पाय ओढत चालायला लागले आणि बोलणं तर गेलंच. समजायचं सगळं, पण शब्द सापडायचा नाही. पाणी हवं असलं की माठाकडे बोट. स्पीच थेरपीच्या मॅडम चित्रांची कार्डं दाखवायच्या. कप, कंगवा, गाय. ते कार्डाकडे बघायचे, मग माझ्याकडे, आणि तोंड फिरवून घ्यायचे. "घरी रोज सराव घ्या हं," मॅडम म्हणायच्या. मी हो म्हणायचे. सकाळी त्यांचं आवरून, दुपारचं ताट झाकून, शेजारच्या मावशींना चावी देऊन मी बस गाठायचे. परतीच्या बसमध्ये मोशीच्या गर्दीत खिडकीला डोकं लावून झोपायचे. सराव कधी घ्यायचा?

अशात सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. बिचारे नीटच बोलले. "वहिनी, आता साहेबांकडून ते काही होणार नाही. पार्किंगला जागा कमी पडते. गाडीचं काहीतरी बघा."

मी चऱ्होलीच्या भाऊंना फोन केला. रविवारचा तो गट त्यांच्याच जागेत जमायचा. तिथलेच जुने शेतकरी. जमीन बिल्डिंगींमध्ये गेली, पण घराजवळचा एक तुकडा आणि त्यातला गोठा त्यांनी ठेवला होता. त्यांची स्वतःची जीप होती, हातानं उभी केलेली.

"वैनी, काळजी कशाला करता?" ते म्हणाले. "आमच्या गोठ्यात जागा हाय. गुरं कवाच इकली. गाडी आमी नेतो."

ते क्रेन घेऊन आले. गाडी उचलली जात असताना हे गेटला धरून उभे होते. तोंडातून नुसता आवाज निघत होता, शब्द नाही. मी त्यांना वर नेऊ लागले तर जागचे हलेनात. शेवटी भाऊंनीच खांद्यावर हात ठेवला. "गाडी आमच्याकडं ऱ्हाणार, मालक तुमीच. दर रयवारी न्यायला येतो."

आणि खरंच यायला लागले. यांना एकटं सोडायचा मला धीर नव्हता, म्हणून मीही जायचे. आठवड्याची माझी एकुलती सुट्टी अशी गोठ्यात जाऊ लागली. तिन्ही बाजूंनी उंच इमारती, बाल्कन्यांमधून वाळत घातलेले कपडे, आणि मध्ये हा पत्र्याचा गोठा. आत गव्हाणीवर पाने-हातोड्या मांडलेल्या. गटातल्या माणसांनी आमच्या गाडीचं काम आपसात वाटून घेतलं. कुणी इंजिन खोललं, कुणी पत्रा ठोकला. हे खुर्चीवर बसून डाव्या हातानं खुणा करायचे. चूक झाली की खुर्चीच्या दांड्यावर थाप मारायचे.

एकदा भाऊ माझ्यापाशी येऊन उभे राहिले. "वैनी, एक सांगू का? इंजिन बसलं. पत्रा झाला. पर वायरिंगला कोन हात लावंना. समद्या वायरी कुजल्यात. आन् तुमी तर त्येच काम करता."

"भाऊ, हातांना एक दिवस तरी सुट्टी नको का हो?"

"व्हय, त्ये बी खरंच हाय. न्हाई म्हणजे, म्या उगाच बोललो."

ते जीपकडे वळले. पण यांनी ऐकलं होतं. हे उठले, पाय ओढत गेले, जुन्या वायरींचं भेंडोळं डाव्या हातानं उचललं आणि आणून माझ्या मांडीवर ठेवलं. मी ते काम घेतलं. आनंदानं वगैरे नाही. नाही म्हणायला जेवढा जोर लागला असता, तेवढा माझ्यात शिल्लक नव्हता.

भाऊंनी एक जुना लाकडी दरवाजा आडवा टाकून दिला. मी त्यावर खिळे ठोकले. जुनं भेंडोळं वर पसरून माप घेतलं आणि नव्या वायरी फिरवायला लागले. हे शेजारी बसून वायरी द्यायचे. मी म्हणायचे, "लाल द्या," आणि हातात हिरवी यायची. "लाल, लाल." मग काळी. मला चीड यायची. घरी धुणं पडलेलं असायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा कंपनी.

असे काही रविवार गेले. एका सकाळी मी हात पुढे केला तर वायर येईना. वर बघितलं. त्यांनी वायर डोळ्यांसमोर धरली होती, ओठ हलत होते.

"नि... निळी."

"निळी नको, पिवळी द्या," मी म्हणाले आणि पुढचा खिळा धरला.

मग माझ्या लक्षात आलं. भाऊ जीपखालून बाहेर आले होते, तसेच जमिनीवर बसून शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होते. मी रडले असते तर बरं दिसलं असतं. मला रडू आलं नाही. एक शब्द यायला एवढे दिवस लागले, असे अजून किती शब्द राहिलेत, एवढंच मनात आलं. मग मी यांच्या हातातली निळी वायर घेतली. तिची गरज नव्हती, तरी घेतली.

त्यानंतर शब्द येत राहिले. पिवळी, काळी, पाना, चहा. माझं नाव आलं नाही.

गाडी चालू करायच्या दिवशी सगळा गट जमला. लांबलांबून माणसं आपल्या गाड्या घेऊन आली होती. इंजिन दोनदा खोकून सुरू झालं. दिवे लागले. भाऊंनी हॉर्न दाबला आणि तो थांबेचना. समोरच्या बिल्डिंगमधली माणसं बाल्कनीत आली. मी धावत जाऊन वायर उपसली तेव्हा कुठे शांत झाला. सगळे हसत होते. वाकडचे एक गृहस्थ, आयटीत नोकरी करणारे, बॉनेटमध्ये वाकून बघत म्हणाले, "काय सुरेख वायरिंग आहे! कोणी केली?"

यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ही... ही..." नाव शोधत होते. मान लाल झाली. "ही... कंपनी."

कुणीतरी हसलं, तसे भाऊ त्याच्यावर खेकसले. पण मलाही हसू आलं. मग हेही तोंड वाकडं करत हसले.

त्या गृहस्थांना गाडी हवी होती. त्यांचे वडील अशीच अँबेसिडर टॅक्सी चालवायचे. "विकणार का?" त्यांनी अगदी हळू विचारलं. मी यांच्याकडे बघितलं. हो म्हणावं, एवढंच मी मनातून मागत होते.

"नाही," हे म्हणाले. एकदम स्वच्छ. इतका स्वच्छ शब्द झटका आल्यापासून मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता.

आम्ही घरी आलो. चपला काढताना मी म्हणाले, "पुढच्या रविवारी मी येणार नाही. गाडी विका म्हणत नाही. पण मी दमलेय हो. फार दमलेय."

ते खुर्चीवर टेकले. मग मान हलवली. समजून हलवली की वाईट वाटून, ते मला कळलं नाही.

रविवारी भाऊ आले. मी दारातूनच सांगितलं.

"व्हय वैनी, तुमी झोपा. ह्यास्नी आमी नेतो," ते म्हणाले आणि यांच्या काखेत हात घालून जिना उतरवायला लागले. मी वरून बघत होते. एकेक पायरी मोजत होते. दार लावून मी धुणं काढलं, आणि मशीनशेजारीच फरशीवर आडवी झाले. जाग आली तेव्हा ऊन स्वयंपाकघरात आलं होतं. घरात कुणी नाही म्हणून आधी धावत दारापर्यंत गेले. मग आठवलं.

आता दर रविवारी तसंच चालू आहे. यांचा उजवा हात आला नाही, येणारही नाही म्हणतात. गाडी भाऊ चालवतात, दिघीच्या चढाला ती तापते. अधूनमधून भाऊंचा फोन येतो, "वैनी, ही हिरवी वायर कुठं जाती?" मी पडल्यापडल्या सांगते.

परवा हे आले ते उत्साहात. कुणीतरी तळेगावहून जुनी स्कूटर आणली होती, साइडकार जोडलेली. एवढं मला समजलं. पण साइडकारमध्ये काय होतं ते सांगता येईना. "कु... कु..."

"कुकर?" मी उठून गॅस बघून आले. बंद होता.

त्यांनी वैतागून टेबलावर थाप मारली. "कुत्रा!"

"बरं, कुत्रा. मग?" मी मेथीची जुडी पुढ्यात ओढली आणि निवडत ऐकत बसले.