शास्त्रीबोवांचे काळे दात

वैद्याकडे गेले की माणूस आपोआप मनगट पुढे करतो. मीही केले. कल्याणच्या मराठी शाळेत मी तेव्हा नुकताच मास्तर म्हणून रुजू झालो होतो. पोट सदा फुगलेले असे, आणि कोणीतरी सांगितले म्हणून मी वैद्य त्र्यंबकशास्त्री मुरबाडकर यांच्या ओटीवर जाऊन बसलो होतो. शास्त्रीबोवांनी माझ्या हाताकडे पाहिलेही नाही. "हात राहू द्या, मास्तर. तोंड उघडा," म्हणाले. माझी हनुवटी धरून त्यांनी मला उजेडाकडे वळवले आणि विचारले, "डावीकडची दाढ कधीपासून दुखते आहे?"

"शास्त्रीबोवा, दुखतं आहे ते पोट," मी म्हणालो.

"तेच विचारतो आहे. डावीकडे दुखतं म्हणून उजवीकडे चावता, आणि शाळेची घाई असली की न चावताच गिळता. दातांचं काम पोटाला सांगितलंत. ते बिचारं किती करणार?"

दाढ गेली आणि पोटही ताळ्यावर आले. त्या ओटीवर मी जो बसलो, तो शिष्य म्हणून अजून उठलेलो नाही. पुढे माझी बदली ठाण्याच्या शाळेत झाली, तरी सुटीच्या दिवशी कल्याणची गाडी पकडायची आणि शास्त्रीबोवांसमोर जाऊन बसायचे, हा क्रम कधी मोडला नाही. शाळा सुटल्यावर माजिवड्याकडची माणसे माझ्याकडे औषधाला येतात, तेव्हा मीही त्यांचे मनगट बाजूला सारून तोंड उघडायला सांगतो. ती माझ्याकडे संशयाने पाहतात. मला त्यात मोठे सुख वाटते.

यंदा शास्त्रीबोवांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त शिष्यमंडळींनी हा ग्रंथ काढायचे ठरवले, तेव्हा मी त्यांच्या ग्रंथव्यासंगावर लिहावे असे सुचवण्यात आले. तो व्यासंग मोठा आहे आणि त्यावर लिहायला माझ्याहून विद्वान मंडळी या ग्रंथात पुष्कळ आहेत. मी त्यांच्या दातांवर लिहिणार आहे. शास्त्रीबोवांचे दात काळे आहेत, हे सगळ्या कल्याणला ठाऊक आहे. ते का काळे आहेत, हे मात्र नव्या मंडळींना ठाऊक नाही. एवढ्या विद्वान पुरुषाने बायकांसारखे दात काळे करायचे दातवण लावावे, हा त्यांना विक्षिप्तपणा वाटतो. हल्लीच्या मुली दातवण सोडू लागल्या आहेत, पण आमच्या लहानपणी कुंकवाइतकाच त्या काळ्या पुडीचा मान होता. पांढऱ्या दातांची सुवासीण दिसली की नावे ठेवायला आयतीच सापडे. आणि विधवेने त्या डबीला बोटही लावायचे नाही, असा दंडक होता.

शास्त्रीबोवांचे वैद्यक एका वाक्यात सांगता येते. तोंड हा देहाचा उंबरठा आहे, असे ते म्हणतात. "दारात उकिरडा ठेवायचा आणि माजघरात ऊद जाळायचा, असं किती दिवस चालणार?" हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. एकदा खडवलीकडचा एक शेतकरी पायाची जखम भरत नाही म्हणून आला. शास्त्रीबोवा तोंड पाहू लागले तेव्हा तो वैतागला. "वैदबुवा, जखम पायाला हाय न् तुमी त्वांड काय बगताव?"

"बैल घेताना काय बघतोस रे?"

"दात."

"मग तू काय बैलाहून कमी आहेस?"

त्याच्या हिरड्यांतून पू येत होता. सारखी तहान लागते का, लघवीला मुंग्या लागतात का, हे शास्त्रीबोवांनी विचारले तेव्हा तो चकितच झाला. मधुमेह, सडलेल्या हिरड्या आणि न भरणारी जखम ही तिन्ही एकमेकांना धरून असतात, हे त्यांनी त्याला समजेल अशा भाषेत समजावले. पथ्य आणि हिरड्यांचे औषध दोन्ही बरोबर चालू केले. पाय वाचला. पुढे तो गावाहून कोणालाही घेऊन आला की ओटीवर चढता चढता त्याला दटावी, "त्वांड उघड आदी."

पण शास्त्रीबोवांचे काळे दात या शेतकऱ्यामुळे झाले नाहीत. ते माझ्या अक्कामुळे झाले.

अक्का माझी थोरली बहीण. संसार म्हणजे काय हे कळायच्या आधीच विधवा होऊन ती माहेरी परत आलेली. केशवपन झालेले, अंगावर लाल आलवण, आणि उपासतापास म्हणाल तर विचारू नका. एकादशी, प्रदोष, संकष्टी, सोमवार, शिवाय चातुर्मासाचे वेगळे. उपासाच्या दिवशी काष्ठाने दात घासणे निषिद्ध, नुसत्या चुळा भरायच्या. म्हणून महिन्यातून फार थोडे दिवस तिच्या तोंडात काडी जाई. मी कल्याणच्या शाळेत असतानाच एका वर्षी तिला बारीक ताप येऊ लागला. गुडघे आणि मनगटे सुजली. घास तोंडात धरवेना. हळूहळू ती अंथरुणालाच लागली. कोणी क्षय म्हणाले, कोणी बाहेरची बाधा म्हणाले. शेजारच्या एक बाई तर माझ्यासमोर म्हणाल्या, "सुटेल बिचारी." मला त्या शब्दाचा इतका संताप आला की मी तसाच उठून शास्त्रीबोवांकडे गेलो.

परपुरुषासमोर तोंड उघडायला अक्का तयार होईना. तेव्हा शास्त्रीबोवा आपल्या पत्नी यमुनाकाकूंना बरोबर घेऊन आले आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसले. काकूंनी पाहायचे आणि सांगायचे.

"हिरड्या कशा आहेत?"

"जांभळ्या. बोट लावलं की रक्त येतं."

"पू?"

"आहे. आणि दोन दाढांची नुसती खुंटं राहिली आहेत."

शास्त्रीबोवा भिंतीशी बोलावे तसे म्हणाले, "अक्का, हे विष तुम्ही रोज अन्नाबरोबर गिळता आहात. ताप तिथला आहे, गुडघेही तिथलेच आहेत. खुंटं काढू दिलीत तर तुम्ही बऱ्या व्हाल, हे मी खात्रीनं सांगतो." अक्काने डोळे गच्च मिटून खुंटे काढू दिली, आणि तापातही आंघोळ करून पुन्हा सोवळी झाली. राहिला प्रश्न रोज दात घासण्याचा. ती म्हणाली, "उपासाला काष्ठ चालत नाही."

"काष्ठ चालत नाही. चूर्ण चालतं, पान चालतं, बोट चालतं. ऋषींनी लाकूड नको म्हटलं आहे. तोंडात घाण ठेवा असं कोणत्या ऋषीनं म्हटलं ते मला दाखवा, मी माझ्या पोथ्या खाडीत सोडून देतो."

आधी त्यांनी नुसते मीठ आणि तेल दिले. रक्त थांबेना. मग बाभळीची साल, मायफळ, हिरडा आणि किंचित हिराकस असे चूर्ण दिले. हिरडा आणि हिराकस एकत्र आले की काय होते हे शाळामास्तराला सांगायला नको, आम्ही शाळेची शाई त्याचीच करतो. अक्काचे दात काळे झाले. पण हिरड्या घट्ट झाल्या, ताप उतरला, गुडघ्यांची सूज ओसरली. ती चुलीपाशी बसून गरम भाकरी चावून खाऊ लागली. ते पाहून मला रडू आले होते, आणि हे लिहायला मला मुळीच लाज वाटत नाही.

मग एके दिवशी सकाळी तळ्यावर कोणीतरी काही गमतीचे बोलले आणि अक्का हसली. कित्येक वर्षांत ती तशी तोंड उघडून हसली नव्हती. दुखणे गेले म्हणून हसली, आणि हसली म्हणून सापडली.

दुपारी आळीतले चार वजनदार गृहस्थ आमच्या दारात. पुढे दाजीपंत, म्हणजे देवळाचे सगळे पाहणारे. "मास्तर, तुमच्या बहिणीनं दातवण लावलं आहे. विधवेनं!" ते औषध आहे असे मी सांगितले. "औषध पांढरं नसतं का? प्रायश्चित्त घ्या आणि हे बंद करा. नाहीतर तुमच्या घरचं पाणी आळीत कोणी पिणार नाही." आत अक्काने सगळे ऐकले. माझ्या मुलींची लग्ने व्हायची होती. आपल्यापायी भावाच्या घराला वाळीत टाकतील या भीतीने तिने चूर्णाची डबी फडताळात मागे सारली आणि मला न सांगता ते लावणे सोडून दिले. आठवडा उलटतो न उलटतो तोच हिरड्यांतून रक्त आणि अंगात ताप.

मी शास्त्रीबोवांकडे धावलो. पांढरे काही देता येईल का, असे विचारले. ते म्हणाले, "देऊन पाहिलं, चाललं नाही. औषध बदलायचं तर मी रोग्याला बघून बदलीन. आळीला बघून नाही. अक्कांना म्हणावं, उद्यापासून चूर्ण पुन्हा सुरू. बाकीचं माझ्याकडे लागलं."

चातुर्मास होता. देवळात तिसऱ्या प्रहरी शास्त्रीबोवांचे पुराण असे. दुसऱ्या दिवशी ते पाटावर बसले, पोथी सोडली आणि मंडळींकडे पाहून तोंडभर हसले. दात कुळकुळीत काळे! पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. बायकांच्या बाजूला खुसखुस सुरू झाली ती थांबेना.

दाजीपंत उठले. "शास्त्रीबोवा, हे काय केलंत?"

"दात घासले."

"काळे?"

"औषध काळं आहे, त्याला मी काय करू? ज्यांना हे दातवण वाटत असेल त्यांनी मला आजपासून सुवासीण समजावं आणि हळदीकुंकवाला बोलवावं. मी येईन. ओटी भरा, खण द्या. खणाचं काय शिवायचं ते आमच्या घरात ठरवतील."

आता बायका मोकळ्याच हसू लागल्या. त्यांत दाजीपंतांचे कुटुंबही होते. दाजीपंत लाल होऊन म्हणाले, "पुरुषाची गोष्ट निराळी!"

"हिरडीला सधवा-विधवा कळत नाही, दाजीपंत. तिला पुरुषही कळत नाही. सुजली की सुजली, आणि मग सगळं अंग तिच्यामागून जातं. त्या बाईला मी मरणाच्या दारातून परत आणली आहे. तिला पुन्हा तिथे लोटायचं असेल तर आधी मला वाळीत टाका." एवढे बोलून त्यांनी पोथीत बोट घातले आणि राहिलेला अध्याय शांतपणे सांगून पुरा केला.

याची किंमत त्यांना मोजावी लागली. पुराण दुसऱ्याकडे गेले. काही जुन्या घरांनी त्यांना बोलावणे सोडले. शास्त्रीबोवा म्हणाले, "बरं झालं, दुपारी जरा पाठ टेकायला मिळेल." आम्ही शिष्यांनीही तेच चूर्ण लावायला सुरुवात केली. माझ्या वर्गातली पोरे पाटीकडे पाहायची सोडून माझ्या तोंडाकडे पाहत बसत. आणि मग, तंबाखूने हिरड्या खाल्लेले आळीतले पुरुष एकेक करून ओटीवर येऊ लागले. भीड मोडली होती, आणि गुण तर डोळ्यांसमोर होता. दिवाळी आली तेव्हा आळीत इतके काळे दात झाले होते की त्यांतले दातवणाचे कोणते आणि औषधाचे कोणते, हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. अक्काचे दात त्या गर्दीत कोणाला वेगळे दिसेनात. तिच्याविषयी पुन्हा कोणी चकार शब्द काढला नाही.

दाजीपंतही आले, पण परसदाराने. "ते काळं चूर्ण मलाही द्या," असे भिंतीकडे पाहत म्हणाले. आम्हां शिष्यांचे डोळे चमकले. शास्त्रीबोवांनी त्यांचे तोंड नीट पाहिले आणि म्हणाले, "तुमच्या हिरड्या उत्तम आहेत. मीठ आणि तेल पुरे." ते गेल्यावर मी म्हणालो, "चांगली संधी होती, काळेकुट्ट करून सोडायचे!" शास्त्रीबोवा माझ्यावर खरोखर रागावले. औषध शिक्षा म्हणून द्यायचे नसते, एवढेच बोलले आणि दिवसभर माझ्याशी अबोला धरला. त्यांच्याकडून मी जे शिकलो त्यांत या अबोल्याचा वाटा मोठा आहे.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षे झाली. आळीतल्या पुरुषांनी काळे चूर्ण केव्हाच सोडले, मीही सोडले. शास्त्रीबोवांचे दात मात्र काळेच राहिले. त्यांना हिरड्यांचा जुना विकार असावा, असे मी धरून चाललो होतो. परवा या ग्रंथासाठी छायाचित्र काढायला मुंबईहून माणूस यायचा होता, तेव्हा एका तरुण शिष्याने भीत भीत सुचवले की त्या दिवसापुरते दात स्वच्छ घासून घेतले तर बरे दिसेल. शास्त्रीबोवा नुसते हसले. मी आत गेल्यावर यमुनाकाकू मला म्हणाल्या, "यांच्या हिरड्यांना काय धाड भरली आहे? अजून दातांनी सुपारी फोडतात. मी कितीदा म्हटलं, आता सोडा ते. तर म्हणतात, 'मी सोडलं की काळे दात पुन्हा बायकांचेच राहतील, आणि एखाद्या विधवा पोरीला कोणीतरी तळ्यावर पकडील.' म्हणून रोज सकाळी लावतात. तुझ्या अक्कासाठी लावलं होतं, आता जिचं नावही ठाऊक नाही तिच्यासाठी लावतात."

ग्रंथाच्या आरंभी डकवलेल्या छायाचित्रात शास्त्रीबोवा ओठ मिटून बसले आहेत. छायाचित्रवाल्याने हलू नका, हसू नका, असे बजावले होते. त्या मिटलेल्या ओठांमागे काय आहे ते वाचकांना ठाऊक असावे, म्हणून हा लेख.

शास्त्रीबोवांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा आपण सर्वांनी याच ओटीवर पाहावा आणि तेव्हाही त्यांनी आमची तोंडे उघडून आम्हांला दटावावे, अशी प्रार्थना करून मी लेखणी ठेवणार होतो. पण अक्काला लेख वाचून दाखवला तेव्हा ती शेवटावर अडली. ती दारात बसून ऊस खात होती. साठी तिनेही ओलांडली आहे. ऊस मात्र अजून स्वतःच्या दातांनी सोलते, आणि त्याच गुडघ्यांनी देवळाच्या पायऱ्या चढते. म्हणाली, "नुसतं उदंड आयुष्य काय लिहितोस रे? पेज पीत शंभर वर्षं काढली तर काय उपयोग? लिही, शंभर वर्षं जगा आणि शंभराव्या वर्षी ऊस सोलून खा. सोलता नाही आला, तर मी आहे."