नाकारलेली पेटी आणि घरची ओळ

भंडाऱ्याहून निघताना धाकट्या बहिणीने, निर्मलाने, एकच गोष्ट मागितली. "दादा, मले नाशिकचे द्राक्षं पाह्यजे." तिला दिवस गेले होते. पहिल्या खेपेचं बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून या वेळी घरातली माणसं कपबशीसुद्धा जपून खाली ठेवत. द्राक्षं आणायची तर चांगलीच आणायची, हे माझ्यावर आलं.

आमच्या मुलखात फळ म्हणजे झाडाखाली पडलेलं टेंभरू (तेंदूचं फळ), नाहीतर जांभूळ. विकतचं फळ हातात दिसलं की लोक विचारतात, "कोन बिमार हाये बे?"

सातवीनंतर मी शाळा सोडली की शाळेने मला, हा वाद घरात अजून मिटलेला नाही. तेव्हापासून जिथे काम, तिथे मी. एका ओळखीच्याने विंचूरकडच्या द्राक्षाच्या पॅकहाउसमध्ये हंगामापुरतं काम लावून दिलं. रात्रभर रेल्वेत पिशवी उराशी धरून बसलो आणि सकाळी नाशिकरोडला उतरून तिथल्या द्वारका चौकात आलो. तिथे हातगाड्यांवर द्राक्षांचे नुसते डोंगर. बघूनच जीव हरखला.

"ही नाशिकचीच ना?" मी गाडीवाल्याला विचारलं.

"नाशकात उभा राहून इचारतो व्हय? नाशिकचीच हायेत. पण चांगला माल पाहायचा आसंल तर इथं नाय भेटायचा, भाऊ. तो बोटीत बसून जातो. आपल्याला राहिलेला."

पॅकहाउसात गेल्यावर कळलं की गाडीवाल्याने माल विकता विकता खरंही सांगितलं होतं. तिथे माणसाने आत जायचं तर डोक्याला टोपी, तोंडाला फडकं, नखं कापलेली. बायकांनी बांगड्या काढून ठेवायच्या. कोणी खोकलं की बाहेर. मला ताप आला तेव्हा कपाळाला हात कोणी लावला नाही, पण द्राक्षाचा ताप दर थोड्या वेळाने काचेच्या नळीने मोजत. रात्री द्राक्षं गारेगार खोलीत निजायची आणि आम्ही शेजारी पत्र्याखाली. तरी मी उपकार मानणारा माणूस आहे. पोटभर बाजरीची भाकरी आणि ठेचा मिळत होता. भातावर वाढलेल्या माझ्या पोटाने पहिले काही दिवस तक्रार केली, मग तेही गप्प बसलं.

काम शिकवलं सायखेड्याच्या सुमनताईने. "घड देठाला धर. मण्याला बोट लावू नको. वरची पांढरी झाक पुसली तर गोरा साहेब खात नाय."

"न पुसता खातो?"

"तू पॅकिंग कर. साहेबाचं साहेब पाहील."

मणी मापायला भोक पाडलेली पट्टी होती, गोडी मापायला दुर्बिणीसारखी नळी. पट्टीतून न घसरणारा जाड मणी परदेशी. त्याहून बारीक दिल्लीला. आणखी बारीक उरलेल्या देशाला, आणि फुटका-तुटका दारूच्या कारखान्याला. सुमनताई म्हणायची, पूर्वी सगळा माल इथेच खपायचा आणि पोरं द्राक्षं फेकून मारामाऱ्या करायची. आता देशात द्राक्षं वाढली आणि वाढली तशी लांब गेली.

हंगाम सरत आला तेव्हा मालकांनी, म्हणजे आबांनी, घाई केली. तपासणीचा अहवाल येण्याआधीच त्यांनी बागेचा माल पेट्यांत भरून घेतला. पेट्यांवर परदेशी अक्षरं, आत मऊ कागद, सगळा थाट. मग अहवाल आला आणि आबांनी पेट्या भरणं थांबवलं.

"काय झालं, ताई?"

"माल नापास झाला."

मला बरंच वाटलं. नापास झालेल्यांबद्दल मला पहिल्यापासून माया. त्यात आबांनी गावी जाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक पेटी दिली. "घ्या रे, एक्स्पोर्टचा माल हाय." निर्मलासाठी एक्स्पोर्टचा माल! माझे डोळे भरून आले. बाकीच्या पेट्या नागपूरकडे जाणाऱ्या ट्रकमध्ये चढत होत्या. मी पेटी काखेत मारून आबांच्या बंगल्यावर पाया पडायला गेलो.

आबा आणि त्यांची बायको, आमच्या वहिनी, ओट्यावर द्राक्षं खात बसले होते. बारीक मण्यांची, डागाळलेली, बिया थुंकाव्या लागणारी. माझ्या पट्टीतून भसाभस खाली पडली असती अशी. मला त्यांची दयाच आली.

"आबा, पेटीतली खा ना. मी काढून देऊ?"

आबा हसले. "आम्ही ही खातो. घरची ओळ हाय. बांधाकडची एक ओळ आम्ही घरच्यासाठी ठेवतो, तिला औषधाचा फवारा नाय मारत."

"आणि पेटीतल्याला?"

"त्याला मारावा लागतो. या टायमाला जरा जास्त झाला, म्हणून तिकडच्यांनी नको म्हटलं." मग सहज विचारलं, "कोणाला नेतो?"

"बहिणीला. सातवा लागलाय."

आबांच्या तोंडातला मणी तोंडातच राहिला. "पोटुशीला? नको, नको. तिला नको देऊ."

"आणि बाकीच्यांना?"

"बाकीचे काय... धुऊन खातील." ते दुसरीकडे पाहायला लागले.

वहिनी उठल्या आणि कात्री घेऊन बांधाकडे गेल्या. त्यांनी घरच्या ओळीतले घड कापून, वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत घातले. मी खरोखर पाया पडलो. पेटी ओट्यावरच ठेवली. आबांनी ती वाया जाऊ दिली नाही. ट्रक अजून भरतच होता.

निर्मलाच्या सासरी पोहोचलो तर तिचं डोहाळजेवण. तिच्या सासूने मधोमध ताट मांडलं होतं आणि त्यात हिरवी, जाड, टपोरी द्राक्षं. शेजारी परदेशी अक्षरांची पेटी, सगळ्यांना दिसेल अशी. आठवडी बाजारातून आणलेली. मला गाडीत जागा मिळेपर्यंत दोन दिवस गेले, ट्रक माझ्या आधी पोहोचला होता.

मी माझी पुडी सोडली. बायका हसल्या.

"नाशिकले जाऊन हे आनलं तुमी?" सासूबाई म्हणाल्या. "आमच्या बजारात तं असे भेटून राह्यले!"

"मावशी, त्याच्यावर फवारा जास्त झालाय. परदेशी लोकांनी वापस केलेला माल आहे."

"वापस करत असतील. त्याईच्या नशिबात नसंल."

निर्मलाने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या पुडीतला एक मणी तोंडात टाकला. तोंड वाकडं झालं.

"दादा, बहुत आंबट हायेत."

"मग राहू दे."

"राहू कायले देऊ? मले आंबटच पाह्यजे." तिने पुडी मांडीवर ओढली आणि सासूचं ताट हाताने लांब सरकवलं. मी भिंतीला टेकलो.

सरकवलेलं ताट समोर बसलेल्या शेजारच्या सुनेपुढे जाऊन थांबलं. तिलाही दिवस गेले होते. मी पुडीतले चार मणी तिच्यापुढे धरले. तिने त्यांच्यावरचे डाग पाहिले, लाजून मान हलवली आणि ताटातला सगळ्यात मोठा घड उचलला. तिचा कोणी भाऊ नाशिकला कामाला नव्हता.