रुजली तर पास

आमची आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी मोरीतल्या ड्रमात डोकं घालायची. पुढं केलेला पाण्याचा तांब्या तसाच, अंथरलेली सतरंजी तशीच, आणि बाई कमरेत वाकून निळ्या पिंपात गुडूप. मग आतून घुमल्यासारखा आवाज यायचा, "कुठनं आणलात हा?" माझ्या लग्नाची बोलणी करायला आम्ही नेरळला गेलो तेव्हाही तिनं हेच केलं. मुलीच्या वडिलांना वाटलं, पाहुण्यांचं काहीतरी पिंपात पडलं. लग्न जमलं, पण सासरी माझी ओळख आजही 'त्या पिंपातल्या बाईंचा भाचा' अशीच आहे. मी बँकेत आहे वगैरे तिथं कुणाला आठवत नाही.

आत्या कर्जतला कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. मी तिचाच विद्यार्थी, आणि मला तिनं स्वतःच्या हातानं नापास केलेलं आहे. वडिलांनी विचारलं तर म्हणाली, "दादा, भाचा आहे म्हणून मी त्याला जेवायला घालीन. मार्क कसे घालू?" तिनं लग्न केलं नाही. का, असं कुणी विचारलं तर सांगायची, "कुणी पासच झालं नाही." निवृत्त झाल्यावर ती चौक गावाजवळ, आमच्या गावी राहायला आली, आणि कॉलेजात उरलेलं सगळं संशोधन तिनं गावावर सुरू केलं.

आमच्या भागात निळा ड्रम नाही असं घर शोधून सापडायचं नाही. नळ दिवसाआड येतो, एप्रिलनंतर त्याचाही भरवसा नाही, तेव्हा पाणी साठवायचं कशात? खालापूरच्या बाजूला कारखाने. तिथं काहीबाही भरून आलेले ड्रम रिकामे होतात, कुणीतरी ते धुतं, वरचं लेबल खरवडतं आणि हायवेच्या कडेला विकायला मांडतं. नवी सून घरात आली की महिन्याभरात नवा ड्रम येतो. साबण लावून, चिंच लावून घासला, उन्हात ठेवला, वास गेला की झालं. आत्याला या 'झालं'चाच राग. "वास गेला म्हणजे ते गेलं का?" ती म्हणायची. "अगं, हे प्लास्टिक आत भरलेलं पितं. पोटभर पितं आणि मग हळूहळू ओकत बसतं, तुमच्या पाण्यात."

पण नुसतं ओरडून ड्रम घराबाहेर जात नाही, हे तिला कळत होतं. कशेळ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत एक ठाकरीण तिला म्हणाली होती, "नेतेस तर ने बाय, पन पानी काय पदरात भरू?" त्या प्रश्नानंतर आत्या ड्रमाला हात न लावता परत आली होती. प्रत्येक ड्रम प्रयोगशाळेत पाठवणं शक्य नव्हतं. मग तिनं मेथी काढली.

संशोधक अशा चाचण्या बियांवर करतात, ती तिनं सैपाकघरात आणली एवढंच. ड्रम भरून काही दिवस ठेवायचा. मग दोन वाट्या घ्यायच्या, दोन्हींत कापूस, कापसावर मेथीचे दाणे. एका वाटीत विहिरीचं पाणी, दुसरीत ड्रमातलं. "दोघींना सारखी सावली, सारखं पाणी," ती बायांना सांगायची. "जावाजावांचं करायचं नाही, एकीला जास्त नि एकीला कमी." दोन्हीकडं सारखीच मेथी रुजली, मुळं सारखी लांब झाली, तर ड्रम पास. ड्रमाच्या वाटीत मेथी रुसली तर नापास. नापास ड्रमाच्या बुडाला ती गिरमिटानं भोक पाडायची, म्हणजे त्यात पुन्हा कुणी पाणी भरणार नाही. आणि पास ड्रमावर पिवळ्या ऑइलपेंटचा टिळा लावायची.

त्या टिळ्याला गावात भलतीच किंमत आली. बाया एकमेकींना ऐकवायच्या, "आमचा पयल्या झटक्यात पास झाला, तुमच्यासारखा आक्टोबरला नाय बसला." पोरं परीक्षेला निघाली की आया म्हणायच्या, "जा, मेथीआत्याला पाया पडून ये." मी हसलो तर आत्या म्हणाली, "तू हसू नकोस पम्या. तुझ्यापेक्षा मेथी जास्त अभ्यास करते."

टिळा लावताना ती दर वेळी एक वाक्य म्हणायची, "हा पाण्यापुरता बरं का." दर वेळी. पण टिळा ड्रमावर राहायचा आणि वाक्य हवेत जायचं.

या सगळ्यात तिच्या जोडीला असायची अनसूकाकू. दोघी गावच्या शाळेत एका पाटावर बसलेल्या; तिच्यासाठी आत्या अजून सुमीच. अनसूकाकूला गावातच दिलेली, नामाकाकांना. तेही त्याच शाळेतले, एक इयत्ता मागे. अनसूकाकूला वाचता येत होतं तेवढं पुरे होतं, पण ती सगळ्या घरांत जाऊन वाट्या मांडायची आणि आत्याच्या आधी निकाल फोडायची. आत्या चिडायची. "अनसे, मुळं मोजल्याशिवाय बोलू नकोस." "मोज गं मोज. मला दिसतंय नव्हं, बाळसं धरलंय ते?" अनसूकाकूच्या हाताला आणखी एक मान होता. गावात कुणाचंही लग्न असो, मठ्ठा तीच करायची. आलं, मिरची, कोथिंबीर सगळ्यांकडं असते, पण तिच्या मठ्ठ्याचा एक पेला संपला की हात आपोआप पुढं व्हायचा. माझा तर फारच.

माझ्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं. सकाळी भांड्यांचा टेंपो चौकच्या अलीकडं ट्रॅफिकमध्ये अडकला. जिलेबी तयार, भात चढलेला, आणि मठ्ठ्याला पातेलं नाही. अनसूकाकू कमरेला पदर खोचून उभी राहिली. मांडवामागं पाण्याचे ड्रम होते. त्यातला पिवळ्या टिळ्याचा एक तिनं निवडला, रिकामा केला, पुन्हा घासला आणि त्यात ताक घुसळलं. टिळा नसलेल्या ड्रमाला तिनं हात लावला नसता. ती आत्याचीच मैत्रीण होती.

आत्या त्या वेळी मांडवाच्या दुसऱ्या टोकाला होती. थर्माकोलच्या ताटल्या आणणाऱ्या माणसाशी तिचं वाजलं होतं आणि पत्रावळी मागवायचं चाललं होतं. दुपारी दोघी भेटल्या. अनसूकाकूनं पेला पुढं केला. आत्यानं तो एका दमात संपवला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आज जास्तच आंबट झालाय गं."

"ऊन किती हाय. सकाळपासनं मुरतोय. पन भ्यायचं नाय, तुज्याच पासाच्या ड्रमात केलाय."

आत्याचा चेहरा मी पाहिला. मी तिथंच होतो, माझ्या तिसऱ्या पेल्यासकट. "ओता," ती म्हणाली. मग ओरडली, "ओता तो! पम्या, ओत!" वऱ्हाड बघायला लागलं. ड्रमात तोवर तळाला थोडासाच उरला होता. "आंबट आहे तो, अनसे," आत्या म्हणत होती. "पाण्यानं जे निघत नाही ते आंबटानं निघतं. मी पाण्यापुरता म्हटलं होतं. म्हटलं होतं ना?" अनसूकाकूनं पेला पदराआड घेतला. तिला एवढंच कळलं असावं की भर मांडवात सुमी तिच्यावर ओरडली.

संध्याकाळपर्यंत बऱ्याच जणांना उलट्या सुरू झाल्या. मलाही. दवाखान्यात आम्ही ओळीनं पडलो होतो, नवरदेवाचा मामा फेट्यासकट. एकेक करून सगळे घरी आले. अनसूकाकू आली नाही. ती सकाळपासून चव बघत होती. तिला साखरेचा त्रास होता, वय होतं, उन्हात उभी होती. डॉक्टर म्हणाले, दही बिघडलेलं असणार, या दिवसांत होतं असं. गावानंही तेच म्हटलं. ड्रमाचं नाव कुणी काढलं नाही.

काढलं फक्त आत्यानं. पण ती मांडवामागं पोचली तोवर कामाच्या पोरांनी ड्रम स्वच्छ धुऊन पालथा घातला होता, आणि तळाचा मठ्ठा तिच्याच सांगण्यावरून मातीत गेला होता. तपासायला थेंब उरला नव्हता.

तो ड्रम तिनं आपल्या अंगणात आणला. त्यात ताक भरायचं, मे महिन्यासारखं तापू द्यायचं, वाट्या मांडायच्या. पहिल्याच खेपेला घोटाळा लक्षात आला. साध्या ताकाच्या वाटीतही मेथी रुजत नाही. आंबटपणाच तिला मारतो. दोन्ही वाट्या सारख्याच मेलेल्या; सांगणार काय? मग तिनं एका जुन्या विद्यार्थ्याकरवी नमुना मुंबईच्या प्रयोगशाळेत पाठवला. तिथून विचारणा आली, कशासाठी तपासायचं? ड्रमात मुळात काय होतं? लेबल तर हायवेवरच कुणीतरी खरवडलेलं. त्यांनी नेहमीची चार रसायनं शोधली, त्यातलं एकही सापडलं नाही, तसं कळवलं.

"म्हणजे ड्रममध्ये काही नव्हतं, आत्या," मी म्हणालो.

"म्हणजे त्या चारांतलं नव्हतं," ती म्हणाली. "बाकीचं माहीत नाही."

'माहीत नाही' हे शब्द तोवर मी तिच्या तोंडून ऐकले नव्हते. त्यानंतर दुसरं फारसं ऐकलं नाही. रॉकेलची चिंधी घेऊन ती घरोघर फिरली आणि स्वतः लावलेले टिळे पुसून आली. बाया चिडल्या. "तुमीच दिला नि आता तुमीच पुसता? मंग भरायचं का नाय भरायचं?" ती सांगायची, "पाणी भर. दुसरं काही नको. आणि पाण्याचंही, खरं सांगू? पूर्ण माहीत नाही." गावाला 'माहीत नाही' चालत नाही. हळूहळू कुणी तिला घरात बोलवेनासं झालं. ड्रम होते तिथंच राहिले, बिनटिळ्याचे. तिच्या अंगणात मात्र ताक ओतणं चालूच होतं. बुद्धीनं तिला कळत होतं की यातून काही निघणार नाही. हात थांबत नव्हते.

अनसूकाकूचं वर्षश्राद्ध झाल्यावर नामाकाका आत्याकडं आले. मी ओट्यावर होतो. ते उभ्याउभ्याच म्हणाले, "सुमे, आता ताक ओतायचं बंद कर. समद्या आळीत वास येतो."

आत्यानं ढवळायची काठी बाजूला ठेवली. "नामा, एक विचारते. तू मला दोष देतोस?"

"नाय."

"का नाही? दे ना. मी लावलेला टिळा होता."

"दोष दिला तर तुज्याकडं यायचं कसं?" नामाकाका म्हणाले. "आन तुज्याशिवाय तिच्याबद्दल बोलू कुनाशी? पोरांला तिची म्हातारपनाचीच म्हाईती."

आत्या रडली. ती रडते हे मला माहीत नव्हतं. डोळे पुसून ती आत गेली, गिरमिट घेऊन आली आणि त्यांच्या हातात दिलं. नामाकाकांनी ड्रमाच्या बुडाला भोक पाडलं. ताक अंगणभर झालं. मग दोघं पायरीवर बसून अनसूकाकूबद्दल बोलत राहिले, शाळेत तिनं मास्तरांच्या टोपीत काय टाकलं होतं तिथपासून. त्यानंतर ते रोज संध्याकाळी यायचे.

गेल्या थंडीत आत्या गेली. आजारपण फार लांबलं नाही. कर्जतच्या दवाखान्यात मी तिच्यापाशी बसलो होतो, आणि काहीतरी बोलायला हवं म्हणून, तिनं मला नापास केलेल्या पेपरची आठवण काढली. ती म्हणाली, "पुन्हा तपासला असता तर एखादा मार्क वाढला असता तुझा. चुकतो माणूस." मला तो मार्क नको होता. मला ती ठाम हवी होती. थोड्या वेळानं म्हणाली, "तो ड्रम भंगारात देऊ नका. वितळवून बादल्या करतात. कुणाच्या तरी घरी जाईल."

"मग कुठं टाकू?"

"माहीत नाही," ती म्हणाली. मी नंतर चौकशी केली. ग्रामपंचायतीची घंटागाडी असलं घेत नाही. घातक कचऱ्याची रीतसर सोय आहे ती कारखान्यांसाठी. घरातल्या एका जुन्या पिंपासाठी फोनवरचा माणूस आधी हसला, मग सॉरी म्हणाला.

तेराव्यानंतर गल्लीत भंगारवाला आला. पाहुण्यांपैकी कुणीतरी अंगण मोकळं करायच्या हेतूनं तो पालथा ड्रम उचलायला गेला. नामाकाका त्यावर बसले होते. ते उठेनात.

"काका, उठा, भोक पडलेलाय तो. काय कामाचा?"

"बसाय हाय कामाचा," नामाकाका म्हणाले.

भंगारवाला गेला, पाहुणेही गेले. घराची किल्ली आता माझ्याकडं आहे. रविवारी मी जातो, अंगण झाडतो, पायरीवर बसतो. नामाकाका येतात. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझं, कारण दुसरं कुठलं काम माझ्यावर कुणी सोपवत नाही. पण तिथं मी ऐकायला बसतो. परवा ते सांगत होते, दोघी लहान असताना घरी न सांगता लोधिवलीच्या जत्रेला कशा गेल्या, आणि परतीच्या वाटेवर अंधार कसा पडला, अनसू कशी रडायला लागली.

"मग?" मी विचारलं. "आल्या कशा?"



"मी नव्हतो तवा," ते म्हणाले. "ते सुमी सांगायची."