ॲपच्या उत्तरात ताईंचे शब्द

वकील मित्रमैत्रिणींनो, हे आजच सांगायला हवं.

सकाळी अमरावतीत कोर्टात निघण्याआधी एआयच्या ॲपला एका निकालाचा सारांश विचारला. उत्तर वाचून चमकलेच. शब्दन् शब्द माझ्या सीनियर कुसुमताईंचा!

अकोल्याच्या या ताईंनी वीस वर्षं निकाल वाचून सारांशांचं पुस्तक केलं. त्याची प्रुफं मीच तपासली होती, म्हणून ओळखलं. ॲपमध्ये त्यांचं नाव कुठेच नव्हतं.

लगेच फोन केला. ताईंनी ते उत्तर मला पूर्ण वाचायला लावलं. मग म्हणाल्या, "निकाल साऱ्यायचा असते वं, पण सारांश तर माया हाये. मले न इचारता कावून घेतला त्यायनं?"

"ताई, केस करायची? कंपनी फार मोठी आहे."

"करू नं. वकीलपत्र तू घेजो."

मी घाबरून म्हटलं, एखादा मोठा वकील बघा.

"मायं लिहिलेलं तू ओळखलं. मले दुसरा कोनी नाई पायजे."

माझ्या वकिलीत एवढा विश्वास आजवर कुणी टाकला नव्हता. ताई, मनापासून आभार! नोटिशीचा मसुदा लिहायला बसले आहे. तुमचं लिखाण असं निनावी कुठे सापडलंय का? सापडलं असेल, तर तुम्ही काय केलंत?