मावशीची एक्केचाळिसावी बरोबरी

माझी मावशी कवळ्या बनवते. दातांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली आहे. तिथे खिडकीखाली तिचं टेबल, टेबलावर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, आणि मावशी चष्मा नाकाच्या टोकावर आणून मेणात एकेक दात बसवत असते. सव्वीस वर्षं हेच काम. घाईत दात जरासा तिरका बसला तर कुणीतरी बिचारा वर्षभर एकाच बाजूने चावत राहतो, असं ती म्हणते. त्यामुळे घाई हा शब्दच तिला खपत नाही. भाजी निवडतानासुद्धा ती प्रत्येक शेंग उलटून बघते.

बुद्धिबळ तिला काकांनी शिकवलं. काका म्हणजे तिचा नवरा, शाळेची बस चालवतात. सिग्नल हिरवा होताच गाडी सोडावी तसे ते खेळतात, मोहरा उचलला की ठेवलाच. लग्नानंतर दोन वर्षं त्यांनी मावशीला रोज हरवलं. तिसऱ्या वर्षी ती जिंकायला लागली. तेव्हा आपल्याला पाठदुखी आहे आणि पटासमोर फार वेळ बसवत नाही, असं काकांनी जाहीर केलं. ती पाठदुखी बस चालवताना मात्र कधी झाली नाही.

मग मीच तिला आमच्या मंडळात घेऊन गेले. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचं मंडळ भरतं. बारा टेबलं, चोवीस खुर्च्या, त्यातल्या चार डुगडुगणाऱ्या. मी शाळेत गणित शिकवते आणि मंडळाच्या संघात तिसऱ्या पटावर खेळते. मावशी सहा महिन्यांत चौथ्या पटावर आली. तिचा खेळ पाहून आमचे कप्तान, निवृत्त पोस्टमास्तर, मला बाजूला घेऊन म्हणाले की तुमच्या मावशींना घाईत पाडणं कुणाला जमेल असं वाटत नाही.

गंमत अशी की तिला घाईत पाडायची गरजच नव्हती. ती स्वतःच पडायची. आमच्याकडची घड्याळं जुनी, दोन तबकड्यांची. आपली चाल झाली की आपल्या बाजूची कळ दाबायची, मग समोरच्याचं घड्याळ सुरू होतं. प्रत्येकाला अख्ख्या डावासाठी दीड तास. मिनिटकाटा बाराजवळ आला की एक छोटी लाल झेंडी वर उचलली जाते, आणि बाराला टपकन पडते. झेंडी पडली की डाव गेला, मग पटावर तुमचं राज्य का असेना. मावशी पहिल्या पंधरा चालींतच एक तास घालवायची. मग काटा चढायला लागला की तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, आणि ती समोरच्याला हळूच विचारायची, “बरोबरीत सोडायचा का?”

समोरचा बहुधा लगेच हो म्हणायचा, कारण बहुधा तो हरत असायचा. तीन वर्षांत ती बावन्न डाव खेळली आणि त्यातले एकोणचाळीस बरोबरीत सुटले. मंडळात तिचं नाव बरोबरीमावशी पडलं. वाचनालयाचे ग्रंथपालही, जे आमच्या सामन्यांना पंच असतात, तिचा निकाल आधीच पेन्सिलीने लिहून ठेवायचे आणि नंतर त्यावर शाई फिरवायचे.

मी एकदा तिला विचारलं की हरायची इतकी भीती का वाटते.

“हरायची नाही गं,” ती म्हणाली. “घाईत काहीतरी मूर्खपणा करून बसेन, त्याची. हरणं वेगळं आणि वेंधळेपणा वेगळा.”

त्यानंतर शहराच्या सांघिक स्पर्धेत आम्ही पहिल्यांदाच उपांत्य फेरीपर्यंत पोहोचलो. त्या सामन्यात मावशीचा एक अख्खा हत्ती जास्त होता आणि घड्याळात नऊ मिनिटं शिल्लक होती. तिने बरोबरी विचारली. समोरच्या गृहस्थांनी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हात पुढे केला. आम्ही कसेबसे जिंकलो, पण पोस्टमास्तर जिन्याच्या पायरीवर बराच वेळ डोकं धरून बसले होते. अंतिम सामन्यात मात्र त्यांना विचारल्याशिवाय बरोबरी मागायची नाही, असं त्यांनी मावशीकडून कबूल करून घेतलं.

मधल्या पंधरवड्यात काकांनी तिचा सराव घ्यायचं मनावर घेतलं. त्यांची पाठदुखी एका दिवसात बरी झाली. संध्याकाळी कुकर लावायचा आणि शिट्टी व्हायच्या आत दहा चाली खेळायच्या, असा त्यांचा बेत. पहिल्या दिवशी मावशीच्या दोन चाली झाल्या आणि डाळ करपली. चौथ्या दिवशी सात झाल्या. काकांनी मला फोन करून हे अशा थाटात सांगितलं की जणू तेच अंतिम सामना खेळणार आहेत.

अंतिम सामना रविवारी दुपारी होता. समोर गेल्या वर्षीचा विजेता संघ. चार पट, जिंकलं तर एक गुण, बरोबरीत दोघांना अर्धा-अर्धा. सामना दोन-दोन असा सुटला तर कप त्यांच्याकडेच राहणार होता, म्हणजे आम्हाला अर्धा गुण तरी जास्त हवा होता. पोस्टमास्तर जिंकले. दुसऱ्या पटावर आमचे बेकरीवाले बरोबरीत सुटले, आणि माझाही डाव बरोबरीत गेला. दोन विरुद्ध एक. उरला मावशीचा डाव.

आता पाहा, जिला बरोबरीवरून तीन वर्षं चिडवलं, तिच्याकडून आम्हाला फक्त बरोबरी हवी होती. पोस्टमास्तर तिच्याजवळ गेले आणि खुशाल मागा म्हणून खूण केली. मावशीने मागितली. समोर एक तरुण वकील होते, टाय सैल केलेले. त्यांनी मान हलवली. त्यांना जिंकणंच भाग होतं, आणि मावशीच्या घड्याळाकडे पाहून त्यांना ते अवघड वाटत नव्हतं. तिच्याकडे अकरा मिनिटं होती, त्यांच्याकडे पस्तीस.

मावशीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. पण मागायचं होतं ते मागून झालं होतं, आता खेळण्यावाचून इलाज नव्हता. वकीलसाहेब जिंकायच्या नादात मोहरे पुढे पुढे लोटत राहिले आणि मागे भोकं पडत गेली. मावशी ती भोकं एकेक करून टिपत गेली. शेवटी तिच्याकडे राजा, एक हत्ती आणि दोन प्यादी होती. वकिलांकडे राजा, एक घोडा आणि एकच प्यादं. पटावर ती सरळसरळ जिंकत होती. घड्याळात मात्र मिनिटभरही नव्हतं, आणि तिची लाल झेंडी उचलली गेली होती.

आम्ही सगळे टेबलाभोवती गोळा झालो होतो. बोलायची मनाई, म्हणून बेकरीवाल्यांनी रुमाल तोंडात धरला होता.

मावशीने एकदा घड्याळाकडे पाहिलं, एकदा पटाकडे, आणि आपला हत्ती देऊन त्यांचा घोडा मारला.

इतका मोठा मोहरा असा फुकट! पोस्टमास्तरांनी डोळे मिटून घेतले. वकिलांनी क्षणाचाही विचार न करता राजाने हत्ती मारला. मावशीने पटाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या राजाने त्यांचं ते एकुलतं एक प्यादं उचललं आणि कळ दाबली. मग चार-पाच चाली भराभर झाल्या, आणि टप. मावशीची झेंडी पडली.

“वेळ संपला,” वकील म्हणाले आणि त्यांनी घड्याळ थांबवलं. त्यांच्या संघातल्या एकाने टाळीही वाजवली.

मावशी शांतपणे चष्मा पुसत होती. ग्रंथपाल आले. त्यांनी झेंडी पाहिली, मग पट पाहिला, मग परत एकदा पट पाहिला.

“यांचा वेळ संपलाय हे खरं,” ते वकिलांना म्हणाले. “पण तुम्ही मात करणार कशाने?”

पटावर वकिलांचा नुसता राजा उभा होता. एकट्या राजाने कुणालाच मात होत नाही, आणि ज्याच्याकडे मात करण्याजोगं काहीच उरलेलं नाही, तो समोरच्याची झेंडी पडली म्हणूनही जिंकू शकत नाही. अशा वेळी डाव बरोबरीत धरतात. हा नियम वकिलांना ठाऊक होता, नंतर त्यांनीच कबूल केलं. झेंडीकडे बघण्याच्या नादात पट बघायचाच राहून गेला होता. ते आधी गोरेमोरे झाले, मग स्वतःच हसायला लागले, आणि उभे राहून त्यांनी मावशीशी हात मिळवला. ग्रंथपालांनी निकालाच्या कागदावर पेन्सिलीच्या खुणेवर शाई फिरवली. अडीच विरुद्ध दीड. कप आमचा.

खाली चहा पिताना पोस्टमास्तरांनी विचारलं की हत्ती देताना भीती वाटली नाही का. मावशी म्हणाली की मात करायला निदान वीस चाली लागल्या असत्या आणि तिच्याकडे तेवढा वेळ नव्हताच. तीन वर्षं बरोबरी मागून मागून तिने बरोबरीचे सगळे नियम पाठ केले होते, कारण कुठला कधी लागेल याचा नेम नाही.

“पण एक सांगते,” ती मला म्हणाली, “शेवटच्या मिनिटात डोकं इतकं स्वच्छ झालं होतं की बस. मला वाटायचं तिथे नुसता धूर असतो.”

काका बाहेर बस घेऊन आले होते. रविवार असूनही कुणाची परवानगी काढली होती कोण जाणे. आम्ही सगळे, पोस्टमास्तर, बेकरीवाले, ग्रंथपाल आणि वकीलसाहेबसुद्धा, त्या छोट्या मुलांच्या सीटवर गुडघे हनुवटीला लावून बसलो आणि काकांनी शहराला दोन फेऱ्या मारल्या.

पुढच्या मोसमात पहिल्याच सामन्यात समोरच्या बाईंनी बाराव्या चालीला मावशीला बरोबरी विचारली. तिची ख्याती ऐकूनच आल्या होत्या. मावशीने आभार मानले आणि नको म्हणाली. त्या दिवशी ती झेंडी पडून हरली, एक घोडा जास्त असताना. संध्याकाळी मी धास्तावून तिच्या घरी गेले, तर ती काकांना जेवणाच्या टेबलावर वाट्या आणि चमचे मांडून अख्खा डाव दाखवत होती, आणि कुठे चुकलं ते सांगताना हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.